गार्डला बांधलेली तार

४ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझ्या पार्सलनं आज माझी बाही खाल्ली.

खोकं उघडलं तर वर तुझा जुना टॉवेल. टॉवेलासकट करवत उचलून बाहेर काढली आणि ती माझ्या हातातच चालू झाली. आधी टॉवेल गेला, मग उजवी बाही कोपरापर्यंत. शर्ट विरलेला होता म्हणून टरकन फाटला, पात्याभोवती गुंडाळला गेला आणि मशीन गुदमरून थांबलं. कापड जाड असतं तर हातालाही सोबत घेऊन गेलं असतं. 

बॅटरी लावून पाठवलीस! अरे, बॅटरीवरची करवत पुसताना, पातं बदलताना, नुसती या टेबलावरून त्या टेबलावर नेताना सुद्धा आधी बॅटरी काढायची. हे मी तुला किती वेळा घोकून घेतलं होतं? वायरच्या मशीनचा प्लग काढलेला डोळ्यांना दिसतो तरी. हिचा जीव हिच्या पोटातच असतो, ती झोपली आहे की जागी हे वरून कळत नाही. तू ती तशीच टपालात टाकलीस. वाटेत किती जणांनी खोकं उचललं असेल, काही कल्पना?

मग बॅटरी काढून ती टेबलावर घेतली आणि बघत गेले तसतशी तळपायाची आग मस्तकात गेली. खटक्याशेजारचं सुरक्षेचं बटन राळ आणि भुशानं आत चिकटून बसलंय, म्हणून नुसत्या स्पर्शानं चालू झाली. पात्याचे दोन दात गायब. आणि गार्ड, ते पातं झाकणारं कवच? पात्यावर स्वतःहून परत यायला हवा तो अर्ध्यात अडकलाय, बोटानं ढकलला तरी हलत नाही. त्याच्या कडेला तार घासल्याची खूण आहे. एका दिवसाची नाही, रोजच्या घासण्यानं पडलेली खाच आहे ती. कुणीतरी गार्ड वर ओढून तारेनं बांधून ठेवत होतं.

स्प्रिंगच्या बाजूला तपकिरी-लाल काहीतरी सुकलंय.

तुझ्या चिठ्ठीत सात शब्द आहेत: "ताई, गार्ड अडकतोय, साफ करून लवकर पाठव." फोन केला असता, पण तुला माहीत आहे, मला फोनवर आता अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू बोलत नाहीस. म्हणून लिहिते. तुझ्या हातांची बोटं मोज आणि आकडा उलट टपाली कळव.

ताई


९ फेब्रुवारी

ताई,

दहा. पायांची पण मोजली, ती पण दहा. झालं समाधान?

बॅटरीचं चुकलं, मान्य. पार्सल मी बांधलं नाही, ऑफिसातल्या मुलीनं बांधलं. तुला काही लागलं नाही ना? शर्ट नवा घेऊन देतो.

तो लाल डाग रंगाचा आहे. इथं लोखंडी खांबांना लाल रंग मारताहेत, तो सगळीकडे उडतो. माझ्या डब्यावर पण आहे. तू उगाच भलतंसलतं मनात आणू नकोस. तुझं म्हणजे ना, जरा कुठं ओरखडा दिसला की लगेच डॉक्टरला बोलवायचं.

तारेचं म्हणशील तर एवढ्या मोठ्या कामावर पन्नास माणसं एक मशीन वापरतात. कोण काय करतं यावर मी कुठं कुठं लक्ष ठेवू? सात महिन्यांपूर्वी मला सुपरवायझर केलं तेव्हा तूच म्हणाली होतीस, आता हातापेक्षा डोकं वापर. तेच करतोय. छताचं लाकूडकाम महिनाअखेर संपवायचं आहे आणि साहेब दिवसातून चार वेळा येऊन उभे राहतात.

एक काम आहे. करवत साफ करशील, तेव्हा आपल्या दुकानाच्या छापील कागदावर एक चिठ्ठी दे. "मशीन तपासलं, गार्ड व्यवस्थित चालतो" एवढंच. फक्त तारीख १२ जानेवारीची घाल. आमच्याकडे दर महिन्याची तपासणी लिहून ठेवावी लागते, जानेवारीची राहून गेली. नुसता कागदाचा सोपस्कार आहे, त्यातून काही अर्थ काढू नकोस. पण या आठवड्यात मिळाली तर बरं होईल.

छकुली आता मान धरते. तुझं नाक घेतलंय असं तिची आई म्हणते.

धाकटा


१४ फेब्रुवारी

धाकट्या,

लोखंडाला मारायचा लाल रंग मी कैक डबे वापरलाय. वाळला की तो पाण्यानं निघत नाही, टर्पेंटाइननं सुद्धा नखं झिजवावी लागतात. मी कापसाचा बोळा थंड पाण्यात बुडवून त्या डागाला लावला. बोळा गुलाबी झाला.

तेव्हापासून मी करवतीला हात लावलेला नाही. कापडात बांधून वरच्या फळीवर ठेवली आहे. बॅटरी वेगळ्या कपाटात. साफ करणार नाही. चिठ्ठी देणार नाही. जानेवारीची नाही, फेब्रुवारीची नाही, कुठल्याच महिन्याची नाही. त्या कागदावर बाबांचं नाव आहे आणि बाबांनी रंध्याला धार लावली नसेल तर लावली असं गिऱ्हाइकाला कधी सांगितलं नाही. तू मला खोटी तारीख घालायला सांगतोस, आणि वर म्हणतोस अर्थ काढू नकोस! मला बहिरी म्हण, खपवून घेईन. मठ्ठ समजू नकोस.

कुणाचं रक्त आहे?

मला वाटतं मला कळलंय काय झालं ते. तुझा तो साहेब. त्यानं घाई लावली असणार, त्यानंच कुणाला तरी गार्ड बांधायला लावला असणार, आणि आता ते निस्तरायला तुला पुढं केलंय. तू नव्या खुर्चीवर बसलेला, घरात तान्हं मूल, तुला नाही म्हणता येत नाही. हे मी समजू शकते. पण मग तसं लिही! माझ्यापासून कशाला लपवतोस? त्याच्यासाठी? ज्याला तुझं नाव पण नीट उच्चारता येत नाही त्याच्यासाठी?

कोण आहे तो माणूस, जिवंत आहे का, एवढं आधी सांग. शर्टाचं राहू दे.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

जिवंत आहे. हातावर निभावलं.

आमच्याकडे एक जुने सुतार आहेत. कानावर सदा पेन्सिल, म्हणून सगळे त्यांना पेन्सिलमामा म्हणतात. वय अठ्ठावन्न. २३ जानेवारीला दुपारी फळी कापताना त्यांच्या डाव्या हातावर करवत आली. पहिली दोन बोटं गेली, तिसरं आहे पण वाकत नाही. लगेच हॉस्पिटलात नेलं. सगळा खर्च कंपनी करते आहे, साहेब स्वतः दोनदा जाऊन आले. तू समजतेस तेवढा तो माणूस वाईट नाही.

आणि तार मामांनीच बांधली होती. त्यांनी तसं लिहून दिलंय, खाली सही आहे. जुनी माणसं, त्यांना गार्डची अडचण वाटते, पातं दिसत नाही म्हणतात. सांगून ऐकत नाहीत. आता तपासणी अधिकारी येणार आहेत आणि मशीन कंपनीनं नीट ठेवलं होतं एवढंच दाखवायचं आहे. तुझ्या चिठ्ठीनं मामांचं काही वाकडं होणार नाही. त्यांची बोटं काही चिठ्ठीनं परत येणार नाहीत. पण माझी नोकरी राहील.

तुला सगळं सोपं वाटतं. तुझ्या दुकानात तू दिवसाला दहा काप घेतेस, प्रत्येक कापाआधी फळीला शिकंजा लावतेस, मधे चहा पितेस. इथं दिवसाला तीनशे काप असतात, शिडीवर, वाऱ्यात, ओल्या लाकडावर. त्या ओल्या लाकडाची राळ गार्डमधे जाऊन दर तासाला तो अडकतो. दर तासाला मशीन उघडून पुसत बसलो तर छत तुझ्या छकुलीच्या लग्नापर्यंत होईल. जरा बाहेर पडून जग बघ आणि मग मला शिकव.

करवत परत पाठव. चिठ्ठी नको असेल तर नको देऊस. ती कंपनीची वस्तू आहे.

धाकटा


२६ फेब्रुवारी

तुझं पत्र आलं आणि मी करवत फळीवरून पुन्हा खाली काढली. भिंग घेतलं, दिव्याखाली धरली.

गार्डच्या दांड्याला जे भोक असतं त्यात तारेचा तुकडा राहिलाय. पेराएवढा. कुणीतरी घाईघाईनं तार तोडून ओढून काढली, पण पिळाचा भाग आतच अडकला.

पीळ उलटा आहे. उजव्या हातात पक्कड धरणारा माणूस तार पिळतो ती एका बाजूला, आणि हा पीळ बरोबर त्याच्या विरुद्ध. डावखुऱ्याचा. आणि टोक दोनदा दुमडून आत दाबलेलं आहे, कुणाच्या हाताला टोचू नये म्हणून.

तुझ्या मामांनी डाव्या हातानं फळी धरली होती आणि उजव्या हातात करवत होती. करवत डाव्या हातावर आली असं तूच लिहिलंस. ते डावखुरे नाहीत.

टोक दोनदा दुमडायला मी एकाच माणसाला शिकवलं होतं आणि तो जेवतो, लिहितो, पक्कड धरतो तो डाव्या हातानं.

तू बांधलीस.

तू बांधलीस, तूच तोडलीस, आणि मग एका अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाच्या उरलेल्या हातात पेन दिलंस! मी मूर्ख, तुझ्या साहेबाला शिव्या घालत बसले. तुझी कीव करत बसले. दर तासाला गार्ड अडकतो म्हणे! बॅटरी काढायची, पातं उतरवायचं, जुन्या दातांच्या ब्रशनं सांध्यातला भुसा झाडायचा, राळ फडक्यानं पुसायची. तेलाचा थेंबही नको, तेलावर भुसा आणखी बसतो. अर्धा तास लागतो. अर्धा तास!

करवत मिळणार नाही. कंपनीची असेल तर कंपनीला माझ्या दुकानात पाठव, माझ्याशी बोलायला.

मला पत्र लिहायचं असेल तर खरं लिही. नाहीतर लिहू नकोस.


१७ मार्च

ताई,

तीन आठवडे रोज लिहायला बसतो आणि कागद फाडतो. आज फाडणार नाही.

मी बांधली. १२ जानेवारीला. गार्ड अडकत होता, मामांनी मला हाक मारून दाखवलं. म्हणाले, "साफ करायला हवं, अर्धा तास काम थांबव." साहेब खालीच उभे होते. मी म्हटलं, आजच्या दिवसापुरतं असं करू, आणि खिशातली तार काढून बांधली. मामा म्हणाले, "मी याच्यावर काम करणार नाही." मी म्हटलं, "मग घरी बसा, दुसरा माणूस बघतो." माझ्यापेक्षा सव्वीस वर्षांनी मोठ्या माणसाला मी असं म्हटलं. चार माणसं ऐकत होती. त्यांनी करवत उचलली आणि ते शिडी चढले.

आजच्या दिवसापुरतं करता करता अकरा दिवस गेले.

२३ तारखेला मी त्यांच्यापासून सात-आठ हातांवर होतो. काप पूर्ण झाला, तुकडा खाली पडला. त्यांनी खटका सोडून करवत फळीवर टेकवली. चाळीस वर्षांची सवय, काप झाला की मशीन टेकवायचं, गार्ड आपोआप पात्यावर येतो. गार्ड आला नाही. पातं अजून फिरत होतं. त्याचा ब्रेक पण गेलेला होता, खटका सोडल्यावर झटकन थांबायला हवं ते बराच वेळ फिरायचं, हेही मला माहीत होतं. फिरतं पातं फळीला लागलं आणि करवत चाकावर धावावी तशी मागे धावली. त्यांचा डावा हात फळीवर होता.

ते ओरडले नाहीत ताई. हाताकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं.

सगळे त्यांच्याकडे धावले. मी करवतीकडे धावलो. बॅटरी काढून तार तोडली आणि खिशात घातली. पहिल्यांदा मी काय केलं ते हे. नंतर बॅटरी परत लावून करवत ऑफिसात ठेवली, जशी होती तशी. तीच तुझ्याकडे आली.

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, गार्ड कुणी बांधला. मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, मग त्यानंच बांधला असेल. त्यांनी टाइप केलेला कागद दिला. हॉस्पिटलात तो मीच घेऊन गेलो. मामा औषधांच्या गुंगीत होते. विचारलं, "कसला कागद?" मी म्हटलं, "खर्चाचा आहे." पाठीखाली उशी मी ठेवली, कागद मी धरला. त्यांनी सही केली आणि मला थँक्यू म्हणाले.

आता त्यांच्या मुलीला कळलंय कागदावर काय आहे ते. ती गेटवर येऊन उभी राहते. मला बघते. मी दुसऱ्या दारानं जातो.

तू लिहिलंस ते सगळं मला माहीत होतं. बॅटरी, ब्रश, फडकं, अर्धा तास. मला काही माहीत नसतं तर बरं झालं असतं असं वाटतं. आता काय करू?

धाकटा


२१ मार्च

धाकट्या,

काय करू म्हणून विचारतोस! तुला ते पण माहीत आहे.

तरी लिहून देते, म्हणजे मागून म्हणायला नको की ताईनं सांगितलं नाही. तपासणी अधिकाऱ्याला जाऊन भेट. हे जे मला लिहिलंस तेच त्याला लिहून दे, आणि कागद खर्चाचा आहे म्हणालास तेही. त्याआधी मामांच्या घरी जा. तू कबुली देतो आहेस हे त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. पाया पडू नकोस, रडू नकोस. त्यांना तुझी समजूत काढायला लावू नकोस. सांग आणि उभा राहा. ते बोलतील ते ऐकून घे.

नोकरी जाईल. जाऊ दे. छकुलीला दूध मिळेल एवढं काम या जगात आहे, आणि नसेल तर तुझी बहीण अजून मेलेली नाही.

तुझ्यावर इतकी चिडले आहे की पेन कागदातून आरपार जातंय. पण दोन दिवस माझ्या डोळ्यांसमोर दुसरंच येतंय आणि ते लिहिल्याशिवाय हे पत्र पाकिटात घालता येत नाही. शाळेच्या बाकांची ऑर्डर आठवते? तू तेव्हा बावीस वर्षांचा होतास. दोनशे बाकं, पंधरा दिवस. त्या आठवड्यात आपल्या मोठ्या करवतीचा गार्ड तारेनं कुणी बांधला होता? मी. तू विचारलंस, "ताई, हे चालतं का?" मी म्हटलं, "दोन दिवसांपुरतं." आणि टोक दुमडून दाखवलं, म्हणजे तुला टोचू नये. टोक टोचू नये! शेजारी उघडं पातं फिरतंय आणि मी तारेच्या टोकाची काळजी करते आहे.

आपल्याला काही झालं नाही. म्हणून मी ते विसरले आणि तू शिकलास. इतकी वर्षं मी तुला नियम सांगत आले, पण तुझ्या हातानं लक्षात ठेवलं ते दोन दिवसांचं काम.

यानं तुझं ओझं गुंजभरही कमी होत नाही. मी मामांना "घरी बसा" म्हटलं नव्हतं, त्यांच्या हातात कागद मी दिला नव्हता. पण माझं जे आहे ते माझं आहे. चौकशीच्या दिवशी मी करवत घेऊन येईन. साफ न करता, आहे तशी, तारेच्या तुकड्यासकट. तारीख कळव.

ताई


२९ मार्च

ताई,

गेलो होतो.

दार मुलीनं उघडलं. मामा आत खुर्चीत होते, हात उशीवर. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. तू म्हणालीस तसं, रडलो नाही. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "पहिल्या दिवशी तू बांधलीस ते आठवत होतं, पण नंतर रोज मीच बांधत असेन आणि विसरलो असेन असं वाटायला लागलं. दोन महिने मी डोकं खाजवतोय. सहीसुद्धा माझीच आहे म्हटल्यावर मला माझ्याच डोक्याचा भरवसा वाटेना. हे तू केलंस. बोटांचं मी समजून घेतलं असतं." मग मुलीला म्हणाले, "याला बाहेर काढ." तिनं काढलं. दार इतक्या जोरात आपटलं की जिन्यातले लोक बाहेर आले.

अधिकाऱ्याला लेखी दिलं. साहेबांना दुपारपर्यंत कळलं. त्यांनी मला सगळ्यांसमोर बोलावून घेतलं. म्हणाले, "तुला मी कामगारांतून वर काढला आणि तू माझ्याच पायावर करवत चालवलीस." मला इतका राग आला ताई, आयुष्यात पहिल्यांदा बरोबर माणसाचा. मी म्हटलं, "साहेब, पाय तुमचे शाबूत आहेत. बोटं त्यांची गेलीत. ती तार तुम्हाला खालून दिसत होती. अकरा दिवस दिसत होती." ते म्हणाले, "चालता हो." संध्याकाळी ओळखपत्र जमा केलं.

घरी सांगितलं तेव्हा छकुलीच्या आईनं आधी भांडं आपटलं. मग विचारलं, "इतके दिवस माझ्या शेजारी झोपत होतास आणि हे पोटात होतं?" अजून माझ्याशी बोलत नाही.

चौकशी ११ एप्रिलला, सकाळी दहाला. पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. बॅटरी वेगळी आण.

धाकटा


१६ एप्रिल

ताई,

चौकशी संपल्यावर तू माझ्याशी एक शब्द न बोलता बस पकडून गेलीस. मी समजलो. पण तू मागच्या बाकावर होतीस आणि त्या खोलीत पंखे केवढे वाजत होते. तुला अर्धंही ऐकू आलं नसणार, म्हणून लिहितो. आता काही गाळणार नाही.

तू करवत टेबलावर ठेवलीस आणि अधिकाऱ्यांना तारेचा तुकडा आणि तो गुलाबी झालेला कापसाचा बोळा दाखवलास, ते तुझं तुला माहीत आहे. तू बाहेर सही करायला गेलीस तेव्हा कंपनीच्या वकिलानं विचारलं, ही बाई कोण, हिचा संबंध काय. अधिकारी म्हणाले, "या सुतार आहेत आणि तुमच्या सगळ्या कागदांपेक्षा मला यांचा कापसाचा बोळा जास्त उपयोगी पडला." तू असायला हवी होतीस.

मग माझा जबाब वाचून दाखवला. मामांना विचारलं, यात काही चूक आहे का.

मामा उठले. डावा हात कोटाच्या खिशात होता, तो बाहेर काढून टेबलावर ठेवला, करवतीच्या शेजारी. म्हणाले, "एक चूक आहे. त्यानं लिहिलंय की मी त्याला गार्डबद्दल सांगितलं. मी त्याला तीनदा सांगितलं. पहिल्या दिवशी. मग चौथ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, मी स्वतः साफ करतो, माझा जेवणाचा वेळ घे म्हणालो. आणि २३ तारखेला सकाळी. त्या सकाळी मी म्हणालो, आज माझा हात जाईल. तो म्हणाला, मामा, अपशकुनी बोलू नका."

लिहून घेणाऱ्या कारकुनानं विचारलं, "म्हणजे वारंवार सूचना दिली, असं लिहू?"

मामांनी टेबलावर मूठ आपटली. उजवी. "वारंवार नाही. तीनदा. तीनदा लिहा."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, हे खरं आहे का.

तुला पत्रात मी एकदाच लिहिलं होतं. अधिकाऱ्यांना दिलं त्यातही एकदाच. सगळं कबूल करतोय असं मला वाटत होतं आणि तरी दोन वेळा मी माझ्यासाठी ठेवून घेतल्या होत्या. एकदा सांगितलं तर माणूस घाईत ऐकत नाही, असं म्हणता येतं. तीनदा सांगितल्यावर तसं म्हणता येत नाही. मी म्हटलं, "खरं आहे. तीनदा."

कारकुनानं लिहिलं. मामा उभेच होते. लिहून झाल्यावर म्हणाले, "वाचून दाखवा." त्यानं वाचलं. मग बसले.

निकाल असा: हॉस्पिटलातला कागद रद्द. दोष कंपनीचा आणि माझा, दोन्ही नावं घेऊन. कामावरची प्रत्येक करवत उघडून तपासल्याशिवाय काम सुरू करायचं नाही. मामांच्या भरपाईचं वेगळं ठरेल, पण आता ती त्यांना नाकारता येणार नाही. मला दोन वर्षं कुठंही माणसांवर देखरेखीचं काम करता येणार नाही. बरोबर आहे.

तू गेल्यावर ते बाहेरच्या पायऱ्यांवर मुलीची वाट बघत होते. मी लांब उभा होतो. त्यांनीच बोलावलं. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. मी विचारलं, "मामा, घरी येऊन जाऊ का अधूनमधून? कापायचं, ठोकायचं काही असेल तर?"

ते म्हणाले, "नको. तुझं तोंड बघितलं की माझी बोटं ठणकतात. जी नाहीत ती."

मुलगी गाडी घेऊन आली. त्यांना उजव्या हातानं दार उघडून, तोच हात आडवा घेऊन पट्टा लावताना मी बघितलं. पट्टा दोनदा सुटला. मुलगी मदत करायला वाकली तर तिच्यावर खेकसले. तिसऱ्यांदा लागला, मग गाडी गेली.

मी पुढे झालो नाही.

धाकटा